हस्की आणू का? फोंड्याच्या एका ताईंना उत्तर

फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे. घर कुर्टीला, चिऱ्यांचं, भोवती थोडं परसू. यजमान बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. घरी त्या, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. मुलानं मोबाइलवर निळ्या डोळ्यांचा हस्की पाहिला आणि हट्ट धरला. सासूबाई म्हणतात, आणायचाच तर घर राखणारा आणा. ताई शाळेत शिकवतात. सगळं आपल्याच अंगावर पडेल ही त्यांची धास्ती. कुत्रा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठल्या जातीचा?

ताई, कुत्रा जरूर आणा. हस्की मात्र आणू नका.

मी डिचोलीला पंचवीस वर्षं जनावरांवर उपचार करते. सुरुवात गाई-म्हशींनी झाली; तेव्हा कुत्र्याला डॉक्टरकडे घेऊन येणारं घर तालुक्यात विरळाच होतं. आता दवाखान्यात निम्म्याहून जास्त कुत्रेच असतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: कुत्र्याची जात म्हणजे त्याच्या पूर्वजांचा धंदा. कधीकाळी कुणीतरी एका कामासाठी कुत्रे निवडत गेलं आणि त्या कामाला लागणारे पाय, केस, नाक, स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या घट्ट होत गेले. धंदा आज बंद पडला असेल, पण कुत्र्याच्या अंगातून तो गेलेला नाही. पिल्लू घरी येतं तेव्हा तो धंदाही उंबरठा ओलांडून आत येतो.

हस्कीचा धंदा काय? सैबेरियातल्या चुकची लोकांची ओझी बर्फावरून लांबवर ओढत न्यायची. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा घसरगाड्यांच्या कुत्र्यांनी हजार किलोमीटरहून जास्त वाट साडेपाच दिवसांत तोडून औषध पोचवलं. टोगो आणि बाल्टो ही त्यांतली दोन नावं आजही घेतली जातात. तुमच्या मुलाला ही गोष्ट नक्की सांगा, त्याला आवडेल. पण त्या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट. तो थर बर्फात ऊब धरून ठेवण्यासाठी आहे, आणि आपल्या मे महिन्यातही तो तेच करतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून अंग थंड करतो. गोव्याच्या दमट हवेत ते पाणी नीट उडतच नाही.

एका मे महिन्यात दुपारी दीडच्या सुमारास म्हापशाहून एक हस्की माझ्याकडे आणला होता. घरात एसी होता, पण वीज गेली आणि घरचे सगळे बारशाला गेलेले. मागच्या सीटवर तो आडवा पडला होता, मान एका बाजूला टाकून. ओठ वर केला तर हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ डिंकासारखी घट्ट. निरोगी कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. थर्मामीटरनं १०७ दाखवलं. आम्ही नळाच्या पाण्यानं त्याचं पोट, काखा, मांड्या भिजवत राहिलो, वर पंखा धरला, सलाइन लावलं. दोन तासांनी त्यानं शेपटीचं टोक हलवलं. तो वाचला. सगळे वाचत नाहीत. त्या घरच्यांचं आपल्या कुत्र्यावर जिवापाड प्रेम होतं, म्हणून तर मला ही गोष्ट जास्त लागते. प्रेम होतं, हवा त्याची नव्हती.

सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट, चाऊ-चाऊ यांचंही तेच, म्हणून त्यांच्यावर वेगळं लिहीत नाही. पगचं थोडं सांगायला हवं. २००३ च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीतून तो घराघरात पोचला. स्वभावानं लोण्यासारखा, मुलांत मूल. पण चपट्या थोबाडामुळे त्याच्या नाकपुड्या अरुंद आणि घशातली मऊ टाळू लांब. तो घोरतो ते लोकांना गोड वाटतं, मला त्यात श्वासासाठीची धडपड ऐकू येते. त्याच कारणानं फ्रेंच बुलडॉगही गोव्यात नको. शिह त्झू थोडा बरा, मात्र केस बारीक कापून ठेवावे लागतात, डोळे रोज पुसावे लागतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातडीला बुरशी येणार हे धरूनच चालायचं.

आता लॅब्राडोर, कारण शेवटी बहुतेक घरं तिथेच येऊन थांबतात. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मासेमाऱ्यांचे. थंड पाण्यात उडी मारायची, जाळ्याची दोरी तोंडात धरून आणायची, निसटलेला मासा पकडायचा. बोटांमधला पडदा, वल्ह्यासारखी जाड शेपटी, पाणी न धरणारे केस, सगळं त्या धंद्याचं. म्हणून लॅब्राडोरला मांडवीचं पाणी दिसलं की तो तुमचा हात सोडवून पळणार, आणि म्हणूनच तो तुमचे चप्पल, टॉवेल, सासूबाईंची जपमाळ तोंडात घेऊन फिरणार. चोरायचं त्याच्या मनात नसतं, तो ते तुम्हाला आणून देत असतो. मुलांशी त्याच्याइतका सोशिक कुत्रा मी पाहिलेला नाही. तो राखणीचा मात्र नाही, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. अनोळखी माणूस आला की शेपटीनं अर्धं टेबल झाडून त्याचं स्वागत करील.

त्याचं दुखणं म्हणजे भूक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळलेला सापडला. जवळपास चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये तो दोष असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. आपल्या घरांत आजी दुपारी पोई मोडून देते, पोर बिस्किट देतं, रात्री उरलेला भात-हुमण ताटलीत जातं, आणि चार वर्षांत तीस किलोचा कुत्रा पंचेचाळीसचा होऊन लंगडत माझ्याकडे येतो. बरगड्यांवरून हात फिरवा. दाबल्याशिवाय बरगडी लागत नसेल तर जेवण कमी करायला हवं. जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण या तिन्ही जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आहे आणि वजन वाढलं की तो उघडा पडतो.

जर्मन शेफर्डला राखण जमते, पण त्याला रोज डोक्याला काम लागतं. १८९९ साली श्टेफानिट्झ नावाच्या जर्मन घोडदळाच्या अधिकाऱ्यानं मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात बांधली. मेंढ्या नसल्या की तो घरातल्या माणसांनाच हाकू लागतो. दोन तास द्यायला घरात दणकट माणूस नसेल तर तो नको. डॉबरमन तर करवसुली करणाऱ्या माणसानं स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेला. सत्तरीच्या सासूबाईंच्या हातात त्याची साखळी मला बघवणार नाही. डाक्सहुंड बिळात शिरून बिज्जूशी झुंजणारा; त्याच्या लांब पाठीतल्या गाद्या सरकतात, आणि आपल्या जुन्या घरांच्या उंच पायऱ्या त्याला सोसत नाहीत. बीगल नाकाचा गुलाम. वास लागला की हाक ऐकू येत नाही, आणि कुंपणाखालून कधी गेला ते कळतही नाही.

ज्याला आपण वर्षानुवर्षं पॉमेरियन म्हणतो, तो पांढरा, टोकदार तोंडाचा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. लहानपणी आमच्या वाड्यावर चार घरांत तो होता. आपल्या हवेला रुळलेला, भाकरी-भातावर वाढलेला, अंगानं लहान. फाटकाशी पान हललं तरी सांगतो. भुंकणं सहन होत असेल तर तुमच्यासारख्या घराला तो चांगला आहे. हल्ली त्याला कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं.

मुधोळ हाउंडबद्दलही लोक विचारतात, कारण मुधोळ आपल्याला जवळ. बेळगाववरून एका दिवसात जाऊन येता येतं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली, म्हणून ती त्या गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. सोबत राजापलयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग. मुधोळ धावतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्याचा धंदा डोळ्यांनी शिकार हेरून मागे सुटायचा. कोंबडी, मांजर, शेजाऱ्याचा ससा, जे पळेल ते त्याचं. त्याला मोकळं माळरान हवं, आणि उंच कुंपण. अंगावर चरबी नसते, म्हणून भूल देताना आम्हालाही जपावं लागतं. कुठे ऑपरेशन करायची वेळ आली तर डॉक्टरला जात आधी सांगा. कुर्टीच्या परसात तो कोंडल्यासारखा होईल.

मग तुमच्यासाठी काय? माझं मन विचाराल तर गावठी पिल्लू.

हे ऐकून लोकांचे चेहरे उतरतात, ते मी रोज पाहते. पैसे खर्च करायची तयारी असताना डॉक्टर रस्त्यावरचं पिल्लू घ्यायला सांगते, असं त्यांना वाटतं. पण या कुत्र्याचा धंदा कोणता ते बघा. माणसाच्या वस्तीशी राहायचं, उरलंसुरलं खायचं, रात्री अनोळखी पावलाला भुंकायचं, ऊन-पाऊस सोसायचा. हजारो वर्षं कुणी रूपासाठी निवडलं नाही, जे टिकलं ते टिकलं. आखूड केस, उभे कान, वळलेली शेपूट, बारीक कंबर. हे अंग याच हवेनं घडवलंय. सासूबाईंना हवी ती राखण याच्या रक्तात आहे. मुलाला हवा तो सवंगडीही यातच मिळेल, फक्त त्यानं मान राखायला शिकलं पाहिजे. गावठी कुत्रा लॅब्राडोरसारखा सगळं चालवून घेत नाही. जेवताना ताटलीत हात घातला, झोपेत शेपूट ओढली तर तो बजावतो. दहा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगता येतं. चार वर्षांचं मूल असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

वेळेचंही एक गणित आहे. भाद्रपदातल्या कुत्र्यांचा दंगा सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्री त्रेसष्ट दिवसांनी विते, म्हणजे कार्तिकात-मार्गशीर्षात जिथे तिथे पिल्लं दिसू लागतात, आणि साधारण जानेवारीत ती आठ आठवड्यांची होतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. चावलं की समोरचा कळवळतो, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. विकतच्या पिल्लालाही हाच नियम. २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. तुम्ही लॅब्राडोर घ्यायचं ठरवलंत तरी पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका घरानं गाडीच्या डिकीतून आणून दिलेलं पिल्लू घेतलं. आठ आठवड्यांचं म्हणून सांगितलं होतं, मी दात बघितले तर जेमतेम पाच आठवड्यांचं. चौथ्या दिवशी पार्व्होनं, म्हणजे पिल्लांच्या उलट्या-जुलाबांच्या रोगानं, गेलं. घरातली मुलगी महिनाभर दवाखान्याच्या रस्त्यानं शाळेत जायला तयार नव्हती.

जानेवारीत आणलं की आणखी एक फायदा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे जे बिनभीतीचं पाहतं, ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. छत्री, स्कूटर, नुस्तेकान्नीची म्हणजे मासेवालीची टोपली, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा, शिगम्याचा ढोल लांबून, हे सगळं त्या दिवसांत दाखवून घ्या. दाखवताना हातात खाऊ ठेवा. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर ठेवू नका. नरकासुराच्या रात्री जे कुत्रे पलंगाखाली थरथरत बसतात, फटाक्याला घाबरून पळून चार गावं लांब सापडतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना लहानपणी कुणी काही दाखवलेलंच नसतं.

लसींचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना, पुढे डॉक्टर देईल त्या तारखांना. आपल्याकडे लेप्टोची लस चुकवू नका. उंदराचं मूत पावसाच्या पाण्यात मिसळतं, आणि कुळागरात, शेतात हिंडणारा कुत्रा तेच पाणी पितो. रेबीजबद्दल अभिमानानं सांगते: २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेचे लोक आणि सरकार यांनी गल्लीगल्लीत जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पण म्हणून गाफील राहू नका. कुठलाही कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

आता गोचीड. यावर मी जरा थांबून लिहिते, कारण गोव्यात कुत्र्यांना मी सर्वांत जास्त यानंच जाताना पाहिलंय. तुमचं घर चिऱ्यांचं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की अंगावरून उतरते, भिंत चढते आणि चिऱ्याच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, कौलांखाली हजारोंनी अंडी घालते. तुम्ही कुत्र्याला औषध लावता, तो आठ दिवस स्वच्छ दिसतो, आणि पुन्हा भरतो. लोक म्हणतात औषध खोटं. औषध ठीक असतं, भिंत राहिलेली असते. म्हणून कुत्र्याला महिन्याची गोळी किंवा मानेवरचे थेंब, आणि त्याच दिवशी त्याच्या बसायच्या जागेच्या भिंतीतल्या फटी सिमेंटनं बुजवणं, अंथरूण उकळत्या पाण्यात घालणं. रॉकेल लावू नका, कातडी भाजते. रोज संध्याकाळी पाच मिनिटं: कानाच्या आतल्या घड्या, काखा, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या. बेचक्यांत त्या मसुरीच्या दाण्यांसारख्या बसतात आणि वरून दिसत नाहीत. हे काम मुलाला द्या. माझ्याकडे येणारा सातवीतला एक मुलगा महिन्याचा हिशेब वहीत लिहून आणतो, कुठल्या पायाला किती.

कुत्रा एक दिवस जेवला नाही, आवडीचं बांगड्याचं डोकं समोर ठेवलं तरी उठला नाही, तर ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. पांढरट किंवा पिवळी असेल, नाकातून रक्ताचा थेंब आला असेल, तर ते गोचीडतापाचं लक्षण समजा आणि सकाळची वाट न बघता निघा. वेळेत आलेले बहुतेक बरे होतात. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काही देऊ नका. माणसाच्या तापाच्या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड जातं.

खाण्यात पेज-भात चालतो, त्यात अंडं, चिकन किंवा काटे काढलेला मासा हवाच. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकं होतात. कांदा नको. नाताळात शेजारून येणारा केक उंच ठेवा. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत, आणि चॉकलेटही कुत्र्याला विषच.

ताई, आता तुमच्या धास्तीकडे येते. हो, बरंच काम तुमच्या अंगावर पडेल. पहिले सहा महिने सकाळी साडेपाचला उठावं लागेल. पण साखळी गावातलं एक घर मला आठवतं. तिथले आजोबा एकटेच, बायको गेलेली, मुलगा आखातात. ते दुपारी चारला दार लावून घेत ते सकाळीच उघडत. कुणीतरी त्यांच्या ओट्यावर गावठी पिल्लू सोडलं. त्यांनी आठवडाभर हाकललं, मग वाटीत दूध ठेवलं. वर्षभरानं मी दत्तमंदिराकडे गेले होते, तर दत्ताच्या पायाशी असतात तसा तोही पायरीवर पुढचे पाय लांब करून बसला होता, आणि आजोबा शेजारी चार माणसांशी बोलत होते. त्याला फिरवायला म्हणून पाचला दार उघडायला लागलं होतं. बायका आधी कुत्र्याची चौकशी करत, मग त्यांची. मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न कुत्र्याचा, आणि फोन पाच मिनिटांऐवजी अर्धा तास चाले.

माझी कुत्री काळी तेरा वर्षं होती. डिचोलीच्या बस स्टँडवर भर आषाढात भिजताना सापडलेली. माझी स्कूटर चढणीला गिअर बदलायची त्या आवाजाला ती उठून फाटकाशी जायची. घरचे तिच्याकडे बघून चहा ठेवायचे. शेवटच्या वर्षी तिला ऐकू येईनासं झालं, तरी त्या वेळेला ती उठायचीच.

तेव्हा असं करा. जानेवारीपर्यंत थांबा. त्या आधी भिंतीच्या फटी बुजवून घ्या आणि फाटकाखालची पोकळी बंद करा. सासूबाईंना विचारून त्याची बसायची जागा ठरवा, म्हणजे नंतर वाद नको. शक्यतो मादी घ्या, सहा महिन्यांनी तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. पहिल्या रात्री ते रडेल. बाहेर पडवीत एकटं ठेवू नका, पलंगाशेजारी खोक्यात सासूबाईंचं जुनं लुगडं घालून ठेवा आणि हात खाली सोडून झोपा. तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जा, सोबत पिल्लाची त्या सकाळची विष्ठा डबीत न्या, जंत बघायला. पिल्लाला मुलाच्या मांडीवर बसू द्या, पुढच्या टेबलावर चढवायची घाई करू नका.